ओपन जर्नल सिस्टिम्स

संशोधनपर नियतकालिकाचे संपादन व प्रकाशन इंटरनेटवरून चालविण्यासाठी तयार केलेली मुक्त-स्रोत संगणकप्रणाली, संक्षेपाने ओजेएस. कॅनडातील पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट (पीकेपी) हा प्रकल्प तिची निर्मिती व देखभाल करतो. नावातील अनेकवचन मूळचेच असून ‘सिस्टिम’ हे रूप बोलण्यातून रूढ झाले आहे.

उगम : शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पीकेपीची स्थापना केली. नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रंथालयांना पेलेनाशा झाल्याचा तो काळ. प्रणालीची पहिली आवृत्ती केव्हा आली याबाबत एकवाक्यता नाही. प्रकल्पाचे स्वतःचे कथन २००१ हे साल देते, तर काही लेखांत २००२ आढळते. वर्षभराचा हा फरक वरवर किरकोळ वाटतो; पण मुक्त प्रवेशासंबंधीचा, म्हणजे संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे असे सांगणारा, बुडापेस्ट जाहीरनामा फेब्रुवारी २००२ मधील असल्याने, नंतरचे साल धरले की ओजेएस हे त्या जाहीरनाम्याचे फलित असल्याचा समज होतो. प्रकल्पाची स्थापना १९९८ ची आहे हे ध्यानात घेता, दोन्ही प्रवाह समांतर वाहत होते आणि पुढे एकमेकांना मिळाले, असे मानणे अधिक सयुक्तिक. प्रस्तुत नोंदीत २००१ हेच साल ग्राह्य धरले आहे.

ओजेएसला ‘या प्रकारची पहिली प्रणाली’ म्हणतात; हे विशेषणही जपून वापरावे लागते. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाची ईप्रिंट्स ही प्रणाली २००० च्या सुमाराची. परंतु ती संग्रहालयाच्या जातीची, म्हणजे तयार झालेले लेख साठवून शोधता येतील अशी व्यवस्था करणारी. फ्रान्समध्ये १९९९ साली सुरू झालेल्या रेव्ह्यू-ऑर्ग या उपक्रमातून लोडेल ही प्रणाली पुढे आली. तिचा भर मजकुराच्या मांडणीवर आणि प्रकाशनावर होता. लेख हाती आल्यापासून परीक्षकांचे अभिप्राय, संपादकाचा निर्णय आणि प्रकाशनापर्यंतचा सगळा व्यवहार हाताळणे हे ओजेएसचे वेगळेपण. तेव्हा ‘पहिली’ म्हणण्यापेक्षा ‘संपादकीय कचेरीचे काम करणारी, सर्वाधिक पसरलेली’ असे म्हणणे बरे.

सायमन फ्रेझर विद्यापीठाचे ग्रंथालय २००५ मध्ये प्रकल्पात सहभागी झाले. त्याच वर्षी नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती आली. एकदा बसविलेल्या एकाच प्रणालीवर अनेक नियतकालिके चालविण्याची सोय तिच्यात होती. विद्यापीठांना ती विशेष मानवली. तिसरी आवृत्ती ऑगस्ट २०१६ मधील. दुसऱ्यावरून तिसरीवर जाणे अनेक संपादकांना जड गेले, आणि जुनी आवृत्ती तशीच चालू ठेवलेली संकेतस्थळे पुढेही बराच काळ दिसत राहिली.

रचना व कार्य : प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेली असून माहिती मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल या कोठारांत साठवली जाते. परवाना जीएनयू जीपीएल, म्हणजे कोणालाही ती वापरण्याची व बदलण्याची मुभा देणारा. तिसऱ्या आवृत्तीत लेखाचा प्रवास चार टप्प्यांत होतो : सादरीकरण, परीक्षण, भाषासंपादन आणि निर्मिती. व्यवस्थापक, संपादक, विभाग-संपादक, परीक्षक, लेखक अशा भूमिका ठरवून दिलेल्या असतात. लहान नियतकालिकात यांतील चार टोप्या एकाच प्राध्यापकाच्या डोक्यावर असतात. लेखाच्या अंतिम धारिकेला (फाइलला), मग ती पीडीएफ असो वा एचटीएमएल, ‘गॅली’ म्हणतात. हा शब्द खिळेजुळणीच्या छापखान्यातला. ओएआय-पीएमएच या संकेतामुळे लेखांची सूचीमाहिती बाहेरच्या शोधयंत्रणांना आपोआप उचलता येते. डीओआय या लेखाच्या कायम ओळखक्रमांकाची नोंदणी आदी कामे जोड-आज्ञावलींकडे (प्लगइनकडे) असतात.

एक तांत्रिक बाब येथे आवर्जून नोंदवावी लागते. लेखकांनी पाठविलेल्या धारिका ज्या कप्प्यात जातात तो संकेतस्थळाच्या सार्वजनिक भागाबाहेर ठेवावा, असे प्रणालीच्या सूचनांतच म्हटले आहे. ती सूचना न पाळलेल्या आणि जुन्या आवृत्तीवर रेंगाळलेल्या संकेतस्थळांत घुसून जुगाराच्या जाहिराती पेरण्याचे प्रकार होतात. प्रणाली फुकट मिळते. सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही.

प्रसार : २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ओजेएस वापरणाऱ्या ९९८ नियतकालिकांची माहिती संकलित झाली होती. २०२२ च्या अभ्यासात हा आकडा २५,६७१ असून ती १३६ देशांतील व ६० भाषांतील आहेत. भाषांत इंग्रजीखालोखाल इंडोनेशियन. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाढीचा दर काढू नये. पहिला पाहणीपुरता मर्यादित आहे, दुसरा प्रत्यक्ष मोजणीचा, आणि ‘चालू’ नियतकालिक कशाला म्हणावे यावरही मोजणी बदलते. २०२२ च्या अभ्यासातील नियतकालिकांपैकी सुमारे ८४ टक्के वाचक व लेखक दोघांकडूनही पैसे घेत नव्हती. वेब ऑफ सायन्स व स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या जागतिक सूची. वेब ऑफ सायन्समध्ये मात्र यांतील १.२ टक्के, तर स्कोपसमध्ये ५.७ टक्केच समाविष्ट होती. पैसे घेऊन खऱ्या परीक्षणाविना लेख छापणाऱ्या फसव्या नियतकालिकांशी ओजेएसचे नाव जोडले जाते. पण त्याच अभ्यासात कॅबेल्स या कंपनीच्या फसव्या नियतकालिकांच्या सूचीत आढळलेले प्रमाण एक टक्का आहे. ओजेएसवर असणे हा दर्जाचा पुरावा नव्हे, तसा दोषही नव्हे.

ब्राझीलमध्ये इबिक्ट या वैज्ञानिक माहितीविषयक राष्ट्रीय संस्थेने पोर्तुगीज रूपांतर ‘सेएर’ या नावाने रुजविले.

भारत : भारतीय कृषी अनुसंधान परिषद, संरक्षण संशोधनातील डेसिडॉक हे माहितीकेंद्र आणि विद्यापीठ-ग्रंथालये जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र यांनी ही प्रणाली वापरली. मुंबईच्या मेडनो प्रकाशनाने वैद्यकीय नियतकालिकांसाठी मात्र स्वतःची वेगळी व्यवस्था उभारली होती. देवनागरीतील नियतकालिकांपुढे एक खास अडचण आहे. ओजेएसचा अंतर्गत शोध पीडीएफमधून मजकूर काढून चालतो. लेख युनिकोड या सामायिक अक्षरसंकेताआधीच्या फॉन्टमध्ये जुळविलेला असेल, तर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि यंत्राच्या हाती रोमन अक्षरांची खिचडी येते. परिणामी सूचीत युनिकोडमध्ये भरलेले शीर्षक व सारांश तेवढे सापडतात, लेखाचा देह सापडत नाही. छापील अंक स्कॅन करून चढविल्यास तीच गत होते.