वाळलेला टमाटर आणि अर्धवाळला टमाटर

माझ्या स्वयंपाकघरात सध्या दोन बरण्या आहेत. एक ओट्याच्या वरच्या फळीवर, एक फ्रीजमध्ये. दोन्हींत टमाटरच्या लाल फोडी, दोन्हींना घरातले सगळे ‘सनड्राईड’च म्हणतात, आणि एक बाहेर नि एक आत असं का, हे येणाराजाणारा विचारतो. फळीवरच्या फोडी पूर्ण वाळलेल्या आहेत, फ्रीजमधल्या अर्ध्याच. नावात ऊन आहे म्हणून सगळ्यांचं लक्ष उन्हाकडे जातं. पण खरा प्रश्न आहे फोडीत पाणी किती उरलं हा. ओव्हनमध्येही टमाटर पूर्ण वाळतो, आणि नागपूरच्या उन्हातूनही तो अर्धा कच्चा उचलता येतो.

ताज्या टमाटरमध्ये १०० भागांत ९४-९५ भाग पाणीच असतं. त्यामुळे किलोभर टमाटर पूर्ण वाळला की १०० ग्रॅमच्या आसपास भरतो, रसाळ असेल तर त्याहूनही कमी. मी पहिल्यांदा पाच किलो वाळवले तेव्हा शेजारच्या काकू बरणी हातात घेऊन म्हणाल्या, “अवं माय, पाच किलोचं एवढंच झालं?” एवढंच व्हायला हवं. किलोचे ३०० ग्रॅम उरले असतील तर तो माल अर्धवाळला आहे, मग तो चार दिवस उन्हात असो की चार तास ओव्हनमध्ये. म्हणून चिरून झाल्यावर एकदा आणि वाळल्यावर एकदा वजन करायचं. डोळा फसतो, काटा फसत नाही.

काटा नसेल तर बोटं आहेत. फोड आधी सावलीत गार होऊ द्यायची, कारण गरम असताना पूर्ण वाळलेली फोडही मऊ लागते. मग दुमडून बघायची. वाळलेली फोड आंबापोळीसारखी चिवट वाकते, बोटाला चिकटत नाही, आणि मधोमध फाडून चिमटीत दाबली तरी ओल येत नाही. अर्धवाळलीच्या कडा सुरकुतलेल्या, गडद झालेल्या असतात, म्हणून वरून बघणाऱ्याला ती झाली असं वाटतं. पण पोटात बियांभोवतीचा गर अजून चकाकत असतो. दाबला की नखाशी रसाचा थेंब येतो. तो थेंब आला की ती बरणी फ्रीजची.

पूर्ण वाळवायला आपल्या नागपूरसारखं हवामान दुसरीकडे नाही. होळीच्या सुमाराला कॉटन मार्केट आणि कळमन्याच्या बाजारात टमाटर स्वस्त असतो आणि हवा कोरडी झालेली असते. तेव्हा चार-पाच दिवस लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दोन-तीन दिवसांत काम होतं, पण तोवर बहुतेकदा भाव वाढलेला असतो. मृग लागायच्या आत हे उरकायचं. लांबट, जाड गराचा, कमी बियांचा टमाटर घ्यावा. आपलं गावरान भेदरं, म्हणजे देशी टमाटर, चटणीला फार गोड, पण वाळवलं की साल आणि बियाच हातात येतात. उभे दोन भाग करायचे, चिरलेली बाजू वर ठेवायची, किलोला दोन चमचे मीठ भुरभुरायचं. मिठानं पाणी सुटतं आणि बुरशी दूर राहते. बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरलं की खालूनही वारा लागतो. ॲल्युमिनियमची परात मात्र नको, आंबट रस तिला लागतो. वर मलमल, फोडींना टेकणार नाही अशी ताणून. मार्च-एप्रिलमधल्या अवकाळीसाठी कान उघडे ठेवायचे.

रात्री फोडी आत आणाव्या लागतात, आणि इथेच माझं एक वाळवण गेलं. मी ताटं कूलरच्या खोलीत ठेवली. कूलर रात्रभर हवेत पाणी सोडतो, आणि वाळलेल्या टमाटरमधली साखर आणि मीठ ती ओल ओढून घेतात. संध्याकाळी कडक असलेल्या फोडी सकाळी लिबलिबीत झाल्या होत्या. तासभर ऊन दाखवून मी त्या बरणीत भरल्या, आणि आठव्या दिवशी झाकणाखाली पांढरी बुरशी. आता ताटं कूलर नसलेल्या खोलीत, कापडानं झाकून. शिवाय भरताना बरणी पाऊणच भरायची, आठवडाभर रोज हलवायची. काचेला आतून दव दिसलं तर सगळा माल पुन्हा उन्हात.

आता तेल. अर्धवाळला टमाटर बरेचजण तेलात बुडवून ठेवतात. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण इथली चूक बुरशीइतकी साधी नाही.

लोणच्यावर बोटभर तेल हवं, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खरंही आहे. पण कैरीचं लोणचं टिकतं ते मुख्यतः कैरीच्या आंबटपणामुळे आणि मुठीनं घातलेल्या मिठामुळे. तेल फक्त हवा अडवतं. अर्धवाळल्या टमाटरमध्ये मीठ चिमूटभर, पाणी बरंच, आणि आंबटपणा काठावरचा. टमाटरचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी), साधारण ४.३ ते ४.९ असतो आणि सुरक्षिततेची रेघ आहे ४.६. गोडसर, फार पिकलेला टमाटर रेघेच्या पलीकडे जातो. त्यात आपण लसणाच्या ताज्या पाकळ्या टाकतो, ज्या मातीतून येतात आणि मुळीच आंबट नसतात. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि ओव्हनच्या उष्णतेत मरतातच असं नाही. हवा नसलेली, ओलसर, कमी आंबट जागा मिळाली की ते जागे होऊन विष तयार करतात. विषाला वास नाही, रंग नाही. माणसाच्या नसा लुळ्या पडतात, श्वासही बंद पडू शकतो. म्हणजे तेल ओतून बुरशीची वाट आपण बंद करतो आणि या जीवाणूची मोकळी करतो.

म्हणून अर्धवाळला टमाटर लोणच्यासारखा नाही, शिजवलेल्या भाजीसारखा वागवायचा. तेलात असो वा कोरडा, फ्रीजमध्ये, आणि चार-पाच दिवसांत संपवायचा. जास्त असेल तर तेलाशिवाय डब्यात घालून फ्रीझरमध्ये. फ्रीजमध्ये ऑलिव्हचं तेल थिजून ढगाळ होतं, त्यात बिघडलेलं काही नाही.

आणखी एक फसवी जागा. काहीजण पूर्ण वाळलेल्या फोडी मऊ व्हाव्यात म्हणून गरम पाण्यात भिजवतात आणि मग तेलात भरून फळीवर ठेवतात. भिजवलं तिथेच काढलेलं पाणी परत आत गेलं. आता तो अर्धवाळल्याच्या बरणीतला माल, त्याला फ्रीजच हवा. मी आठवड्याला लागेल तेवढाच वाटीभर भिजवते.

चवीत दोघांची बरोबरी नाही. ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर तीन-चार तास ठेवलेला अर्धवाळला टमाटर गोड, रसदार, पोळीच्या रोलमध्ये किंवा टोस्टवर तसाच खावा असा. पूर्ण वाळलेला खारट, उग्र, जणू पूर्ण टमाटर एका घासात. तो तसा चावायचा नसतो, तो शिजवण्यात घालायचा. मिक्सरमधून काढलेली त्याची एक चमचा पूड तर्रीत पडली की पोह्यांवरच्या त्या झणझणीत रश्श्याला वेगळीच आंबट खोली येते. आणि भिजवलेलं पाणी फेकू नका, खारट असतं म्हणून मीठ जपून घालत ते वरणात ओता.