प्रतिवादी आघाडीवर, दावा कोर्टात

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या लष्करी तळावर विधी सहाय्याचं एक कार्यालय असतं. तिथला गणवेशातला वकील सैनिकाचं मृत्युपत्र करून देतो, भाडेकरार वाचून देतो, वसुलीवाल्यांना पत्र लिहितो आणि या कशाचीच फी घेत नाही. ही सोय लष्कराइतकीच जुनी असेल असं कुणालाही वाटेल, पण तसं नाही. सैनिकाला दिवाणी दाव्यांपासून आडोसा देणारा सर्वंकष केंद्रीय कायदा १९१८ चा आहे, तर तो कायदा सैनिकाला समजावून सांगणारा वकील लष्कराने पद्धतशीरपणे नेमला तो १९४३ मध्ये. आधी हक्क आला आणि वकील मागाहून, हा उलटा क्रम पुढच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे.

प्रश्न त्याहून जुना. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अनेक राज्यांनी सैनिकांविरुद्धचे दावे सरसकट थांबवणारे कायदे केले. हेतू चांगला होता, पण अमेरिकन राज्यघटना राज्यांना करारांची बंधनं मोडू देत नाही, आणि काही राज्यांच्या न्यायालयांनी नेमक्या याच मुद्द्यावर असे कायदे रद्द ठरवले. युद्ध संपलं आणि विषय बासनात गेला.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सक्तीची भरती सुरू झाली. कालपर्यंत दुकान चालवणारा, घराचे हप्ते फेडणारा, खटल्यात अडकलेला माणूस अचानक गणवेशात आला. या वेळी मसुद्याचं काम जॉन हेन्री विगमोर यांच्याकडे आलं. ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या विधी महाविद्यालयाचे डीन होते आणि पुराव्याच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ कोर्टांत प्रमाण मानला जाई. युद्धकाळात ते मेजर म्हणून जनरल इनॉक क्राउडर यांच्या हाताखाली काम करत होते. क्राउडर लष्कराचे सर्वोच्च विधी अधिकारी होते, आणि देशभरातली सक्तीची भरतीही तेच चालवत होते. माणसं घरादारातून उचलून नेणाऱ्या कचेरीतच त्यांच्या मागे राहिलेल्या देण्याघेण्याचा विचार झाला.

विगमोर यांनी सरसकट बंदी मुद्दाम टाळली. सैनिकावरचे सगळे दावे गोठवले तर भरतीच्या वयातल्या कुणालाच कुणी उधार देणार नाही, आणि ज्याची फेडायची ऐपत आहे तोही वाचेल, हे त्यांना दिसत होतं. म्हणून निर्णय न्यायाधीशावर सोपवला: नोकरीमुळे या माणसाच्या बाजू मांडण्याच्या किंवा देणं फेडण्याच्या क्षमतेवर खरोखर परिणाम झाला आहे का, हे पाहून तहकुबी द्यायची. महिना ५० डॉलरपर्यंत भाड्याच्या घरातून सैनिकाच्या कुटुंबाला कोर्टाच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येणार नव्हतं. ८ मार्च १९१८ रोजी हा ‘सोल्जर्स अँड सेलर्स सिव्हिल रिलीफ अॅक्ट’ अमलात आला.

त्यातलं एक कलम जवळून बघण्यासारखं आहे. प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा मागणाऱ्या वादीने आधी प्रतिज्ञापत्र द्यायचं, की प्रतिवादी लष्करी सेवेत नाही. तसं सांगता येत नसेल तर कोर्टाने गैरहजर माणसासाठी वकील नेमल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. कागदावर हे चोख होतं, पण असा वकील आपल्या अशिलाला भेटलेलाही नसे, आणि अशील समुद्रापलीकडे खंदकात.

युद्धानंतर हा कायदा मुदत संपून गेला. १९४० मध्ये पुन्हा सक्तीची भरती आली, तेव्हा १७ ऑक्टोबरला जवळपास तोच मजकूर नव्याने मंजूर झाला. १९४२ च्या दुरुस्तीने त्यात सर्वात जास्त वापरला जाणारा नियम घातला: भरतीआधीच्या कर्जावर सेवेच्या काळात सहा टक्क्यांहून जास्त व्याज नाही. १९४३ मध्ये ‘बून विरुद्ध लाइटनर’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचे व्यवहार टाकून देशाचा भार उचलणाऱ्यांच्या बाजूने हा कायदा सढळपणे वाचायला हवा. पुढच्या वकिलांनी हे वाक्य शेकडो अर्जांत उतरवलं. त्या खटल्यातल्या कॅप्टनला मात्र तहकुबी मिळाली नाही. तो हजर राहू शकत होता, असं बहुमताचं मत पडलं.

तोवर लाखो माणसं भरती झाली होती आणि कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. गावोगावचे वकीलसंघ छावण्यांत जाऊन फुकट सल्ला देत, पण ते जमेल तिथे आणि जमेल तसं. अखेर मार्च १९४३ मध्ये युद्ध खात्याने अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेच्या साथीने लष्करभर विधी सहाय्याची योजना सुरू केली, आणि नौदलानेही त्याच वर्षी तेच केलं. मृत्युपत्रं, कुलमुखत्यारपत्रं, घटस्फोट, कर आणि थकलेली देणी असे विषय या वकिलांपुढे येत. कोर्टात उभं राहणं मात्र सहसा त्यांच्या कक्षेबाहेर राहिलं. वकिलीचा परवाना राज्याराज्याचा असतो आणि लष्करी वकिलाची बदली दर काही वर्षांनी होते, हे त्यामागचं साधं कारण. कनिष्ठ श्रेणीच्या, वकील न परवडणाऱ्या सैनिकांसाठी लष्करी वकिलांनाच कोर्टात उभं करण्याचे प्रयोग १९७० च्या दशकात झाले. त्यांचा पसारा मर्यादितच राहिला.

ही योजना चाळीस वर्षं केवळ खात्याच्या आदेशांवर चालली. १९८४ मध्ये तिला कायद्याचं कलम मिळालं, तेही ‘मनुष्यबळ उपलब्ध असेल तर’ अशी मेख मारून. म्हणजे सैनिकाचा त्यावर हक्क असा नाहीच. नंतरच्या दुरुस्त्या जास्त कामाच्या ठरल्या: १९९३ पासून लष्करी वकिलाने केलेलं कुलमुखत्यारपत्र आणि २००० पासून मृत्युपत्र सगळ्या राज्यांत मान्य करावं लागतं, त्या राज्याचा नमुना वेगळा असला तरी.

दरम्यान १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि सैनिकाचा चेहरा बदलला. तरुण, लवकर लग्न झालेला, ठरलेल्या तारखेला पगार घेणारा. तळांच्या फाटकाबाहेर पगारावर उचल देणाऱ्या दुकानांची रांग लागली आणि वार्षिक दर शेकडा तीनशेच्या वर गेले. याला उत्तर म्हणून २००६ मध्ये ‘मिलिटरी लेंडिंग अॅक्ट’ आला, त्यात कमाल दर ३६ टक्के. जुना कायदा १९ डिसेंबर २००३ रोजी ‘सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अॅक्ट’ या नावाने नव्याने लिहिला गेला होता. सैनिकाने अटी पाळून अर्ज केला तर किमान ९० दिवसांची तहकुबी द्यावीच लागते, आणि सहा टक्क्यांवरचं व्याज पुढे ढकललं जात नाही, ते माफच होतं, हे त्यात स्पष्ट झालं. १९१८ मधली ५० डॉलरची भाड्याची मर्यादा या कायद्याने २,४०० वर नेली आणि पुढे ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढेल असं ठरलं.

२००८ च्या घरकर्ज संकटात विगमोरांच्या त्या कलमाची परीक्षा झाली. प्रतिवादी सेवेत आहे का, हे संरक्षण खात्याच्या संगणकीय नोंदीत काही मिनिटांत तपासता येत होतं, तरीही न तपासता सैनिकांची घरं लिलावात निघाली. २०११ मध्ये कंट्रीवाइड या घरकर्ज कंपनीची कर्जं सांभाळणाऱ्या बँक ऑफ अमेरिकाच्या उपकंपनीने न्याय खात्याशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली. २०१४ मध्ये शैक्षणिक कर्जांवर सहा टक्क्यांची मर्यादा न पाळल्याच्या आरोपावरून सॅली मे आणि नॅव्हियंट यांनी सहा कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. मधल्या काळात, २०१० मध्ये, सैनिकाला स्वतः दावा लावण्याचा आणि जिंकला तर वकिलाची फी वसूल करण्याचा हक्क कायद्यात नि:संदिग्धपणे लिहिला गेला. तोवर हे त्याला करता येतं की नाही यावर कोर्टांत वाद होता. माझ्या मते १९१८ नंतरची ही सर्वात मोठी सुधारणा, कारण फी मिळण्याची शक्यता असल्याशिवाय खासगी वकील अशा किरकोळ रकमांच्या भानगडीत पडत नाही.

त्याआधी २००८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने एक वेगळा पूल बांधला होता. तळावरचा वकील कोर्टात जाऊ शकत नसेल तर तो प्रकरण त्यांच्याकडे पाठवतो आणि संबंधित राज्यातला नागरी वकील ते फुकट लढवतो.

तरी एक भोक उघडंच आहे. सहा टक्क्यांचा नियम भरतीआधीच्या कर्जाला लागतो, आणि अठराव्या वर्षी भरती झालेल्याच्या नावावर तेव्हा सहसा कर्जच नसतं. तो पहिलं मोठं कर्ज काढतो ते प्रशिक्षणानंतर, गाडीसाठी. गाडी तारण ठेवून तीच घ्यायला काढलेलं कर्ज २००६ च्या कायद्यातून वगळलेलं आहे. असा करार घेऊन सैनिक विधी सहाय्य कार्यालयात आला, तर दोन्ही केंद्रीय कायदे बाजूला ठेवून वकिलाला त्या राज्याच्या ग्राहक कायद्यातच वाट शोधावी लागते.