हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग : जुन्या मोटारींच्या इंजिनबदलातील जुळणी

जुन्या मोटारीत नंतरच्या पिढीचे इंजिन बसवताना क्लच सोडवण्याची मूळची यंत्रणा बहुधा निरुपयोगी ठरते. मग बेअरिंग ढकलणारा फोर्क (दुशाखी तरफ) आणि पेडलपासून त्याच्यापर्यंत येणारी केबल काढून टाकतात आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती कड्याच्या आकाराचा स्लेव्ह सिलिंडर बसवतात. त्याच्या पिस्टनच्या तोंडाशीच रिलीज बेअरिंग असते. पेडल दाबले की हायड्रॉलिक फ्लुइडच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो, बेअरिंग डायफ्रॅमच्या (क्लच दाबून धरणाऱ्या गोल स्प्रिंगच्या) फिंगरना, म्हणजे आतल्या पात्यांना, दाबते आणि क्लच सुटतो. ही रचना नवी नाही. १९७८ पासूनच्या साब ९०० मोटारीत ती कारखान्यातूनच येत असे.

ब्रिटनमधले परिचित उदाहरण म्हणजे फोर्ड एस्कॉर्टच्या पहिल्या दोन पिढ्या (१९६८–८०). इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या या मोटारींत क्लच केबलवर चाले. त्यांत हौशी मंडळी फोर्डचेच झेटेक इंजिन आणि सिएराचा टाइप-९ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवतात. झेटेक मुळात पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोटारींसाठी, आडवे बसवायचे इंजिन. त्यामुळे इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे स्पिगॉट बेअरिंग क्रँकशाफ्टमध्ये वेगळे घालावे लागते. केबलच्या जुन्या वाटेवर नवा एक्झॉस्ट येऊ शकतो. हायड्रॉलिक नळी मात्र हवी तिकडून वळवून नेता येते.

खरे कौशल्य अंतर ठरवण्यात आहे. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लचभोवतीच्या आवरणाच्या) जोडपृष्ठापासून पूर्ण मागे दाबलेल्या बेअरिंगच्या तोंडापर्यंतची खोली मोजायची. क्लच बसवलेल्या इंजिनाच्या जोडपृष्ठापासून फिंगरच्या टोकांपर्यंतची उंची मोजायची. दोहोंतला फरक म्हणजे मोकळे अंतर. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवणारी अडॅप्टर प्लेट मध्ये असेल तर तिची जाडी हिशेबात धरलीच पाहिजे. समजा खोली ५८ मिमी आणि उंची ४८ मिमी आहे, म्हणजे अंतर १० मिमी. क्लच सुटायला ८ मिमी सरक लागत असेल, तर पिस्टन एकूण १८ मिमी बाहेर येईल. सिलिंडरची क्षमता २० मिमी असेल तर जुळणी बसते.

पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि हे धोक्याचे आहे. क्लच प्लेट झिजते तशी फिंगर फ्लायव्हीलपासून दूर, गिअरबॉक्सकडे सरकतात, आणि तेही प्लेटच्या झिजेच्या सुमारे तिप्पट. प्लेट २ मिमी झिजली तर बेअरिंगला जवळपास ६ मिमी मागे जायला जागा हवी. सुरुवातीलाच अंतर २ मिमी ठेवले असेल तर बेअरिंग लवकरच मागे टेकते, फिंगर सतत दाबलेल्या राहतात आणि नवा क्लच घसरू लागतो. उलट अंतर फार ठेवले तर पिस्टन सीलसकट बाहेर येतो. फरक भरून काढायला सिलिंडरखाली शिम (पातळ चकत्या) घालतात किंवा बैठक लेथवर उतरवून घेतात.

पेडलने चालणारा, स्लेव्हकडे फ्लुइड ढकलणारा मास्टर सिलिंडरही जुळवून घ्यावा लागतो. स्लेव्हच्या कड्याचा बाहेरचा व्यास ५० आणि आतला ४० मिमी धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौ. मिमी होते. ८ मिमी सरकेसाठी १७.८ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) मास्टरला सुमारे २३ मिमी चाल लागते, १९ मिमी बोअरला २० मिमी. बोअर मोठा तर पेडल जड. पेडलखाली पक्का स्टॉप बसवणे मी अनिवार्य मानतो, कारण जास्त दाबलेला डायफ्रॅम कायमचा बिघडतो.

फिंगर सपाट असतील तर गोलसर तोंडाचे बेअरिंग लागते, वक्र असतील तर सपाट तोंडाचे. सिलिंडर शाफ्टशी समकेंद्री नसेल तर बेअरिंग एका अंगाने झिजते. टाइप-९ मध्ये पुढच्या झाकणाची नळी काढून तिथे बैठक बसवतात. त्याच झाकणात गिअर ऑइलचे सील असते, म्हणून ते नव्या बैठकीत नीट बसले पाहिजे. गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी, समोर आधार नसताना, पेडल दाबून पाहू नये, पिस्टन निसटतो. हवा काढण्यासाठी दुसरी नळी बेल हाउसिंगबाहेर आणून तिला निपल लावतात. रबरी सील ब्रेक फ्लुइडचे असतील तर खनिज तेल घातल्याने ते फुगून निकामी होतात.

गळती हा या पद्धतीचा मोठा तोटा. फ्लुइड थेट क्लच प्लेटवर जाते आणि सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून जागा असेल तिथे बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर आणि फोर्क हीच जोडी बरी.

भारतात इंजिन बदलण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीला विंटेज नोंदणी मिळण्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते, त्यामुळे असा बदल करण्यापूर्वी मालकाने या दोहोंतून एकाची निवड करावी.