प्रेअरी रॅटलस्नेक: खुळखुळा वाजतो कसा आणि गप्प का राहतो?

कॅनडाच्या दक्षिण आल्बर्टापासून मेक्सिकोच्या उत्तर टोकापर्यंतच्या गवताळ मैदानांत हा विषारी साप राहतो. शास्त्रीय नाव क्रोटॅलस व्हिरिडिस. लांबी साधारण मीटरभर, अंग हिरवट-करडं, पाठीवर ओळीने गडद चट्टे. वाळल्या गवतात तो चटकन दिसत नाही.

शेपटीच्या खुळखुळ्यात खडे नसतात. आपली नखं ज्या केराटिनची, त्याच्याच पोकळ कड्या एकीत एक सैल अडकलेल्या असतात आणि एकमेकींवर आपटून वाजतात. नव्या पिल्लाकडे जेमतेम एक बोंड असतं. ते वाजणार कशावर? पुढे दर वेळी कात टाकली की बुडाशी एक कडी वाढते. कात वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही पडते, शिवाय टोकाच्या कड्या झिजून तुटतात. म्हणून कड्या मोजून वय सांगणं चूक. तापलेल्या अंगाचा साप शेपटी सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा हलवतो. गारठ्यात हा वेग घसरतो. पण पहिला भरवसा रंगावर, त्यामुळे बऱ्याचदा तो निश्चल, गप्प पडून राहतो. आवाज नाही म्हणजे साप नाही, असं धरून गवतात हात घालू नये.

डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्याने त्याला उंदराच्या अंगाची ऊब कळते. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्यालाही असाच खळगा असतो. उंदराला चावून तो लगेच सोडतो, मग जिभेने वास घेत माग काढतो. विषातल्या एका छोट्या प्रथिनाने उंदराचे मागचे पाय आखडतात, त्यामुळे तो फार लांब जात नाही.

हिवाळा काढायला हे साप दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरच्या कपारीत किंवा प्रेअरी डॉग या जमिनीतल्या खारीच्या बिळात, गोठणाऱ्या मातीच्या खाली एकत्र जमतात. वर्षानुवर्षं तीच जागा. मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, तीही थंड प्रदेशात दोन-तीन वर्षांतून एकदाच. अशी एक कपार बुजवली की आसपासचे बहुतेक साप मरतात आणि ती तूट भरायला कित्येक वर्षं लागतात.

दंश झाल्यास अंगठी-घड्याळ काढा, कारण सूज झपाट्याने चढते. आवळपट्टी, चीर, बर्फ काहीही नको. हातपाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठा. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं; या दंशावर उत्तर अमेरिकेतलंच लागतं. आणि मेलेल्या सापाच्या तुटलेल्या डोक्यालाही हात लावू नका: काही वेळ ते चावू शकतं.