नाव विचारायला दिलेला नमुना आणि पुरावा म्हणून ठेवलेला नमुना

उद्यानातल्या वनस्पतींची वर्षानुवर्षं मोजदाद ठेवणारं पथक आणि विद्यापीठाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा जपून ठेवलेला संग्रह, यांच्यात सहकार्य ठरलं, की हंगाम संपताना दाबून वाळवलेल्या झाडांचा गठ्ठा हर्बेरियमच्या टेबलावर येतो. त्यात बहुतेक वेळा दोन वेगळ्या कामांचे नमुने मिसळलेले असतात. काही नमुने ‘हे काय आहे तेवढं सांगा’ म्हणून आणलेले असतात, तर काही ‘हे आम्हाला अमुक जागी, अमुक दिवशी मिळालं, ते जपून ठेवा’ म्हणून. दोन्ही वर्तमानपत्राच्या घडीत असतात, दोन्ही तितकेच चपटे आणि तपकिरी. पथकालाही पुष्कळदा वाटतं की हे एकच काम आहे: हर्बेरियमला झाडं दिली, नावं मिळाली, झालं. दीर्घकालीन निरीक्षणाचं सगळ्यात मोठं नुकसान याच समजुतीतून होतं.

पहिल्याला इथे ओळखीचा नमुना म्हणू. दुसऱ्याला हर्बेरियममध्ये व्हाउचर म्हणतात.

ओळखीच्या नमुन्याकडून अपेक्षा एवढीच, की जाणकाराला नावापर्यंत पोचता यावं. त्यासाठी कधी एक फांदी पुरते, कधी नुसतं फळ, कधी चांगले चार फोटो. नाव कळल्यावर तो टाकून दिला किंवा पथकाच्या संदर्भ-वहीत चिकटवला तरी चालतं. मात्र तो जमवणं वाटतं तितकं सोपं नसतं. हौशी संग्राहक फुललेलं झाड निवडून उचलतो. निरीक्षण पथकाला ती मोकळीक नसते. क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीसाठीची ठरलेल्या मापाची चौकट, ठरलेल्या तारखेला जमिनीवर ठेवली, की तिच्या आत जे आहे ते सगळं लिहावंच लागतं, मग ते कोवळं रोप असो, चरलेलं खोड असो की नुसती पानं. म्हणून पथकाच्या गठ्ठ्यात फूल-फळ नसलेले नमुने फार असतात, आणि वनस्पतींची ओळख मुख्यतः फुला-फळांवरच ठरते. केरेक्स या गवतासारख्या वनस्पतींच्या मोठ्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) फळाभोवती पिशवीसारखं आवरण असतं. त्याचा आकार, त्याची चोच, त्यावरच्या शिरा पाहिल्याशिवाय पुष्कळ जाती वेगळ्या करता येत नाहीत, आणि ते आवरण पिकलेलं लागतं. गाजराच्या कुळात फळाच्या कडा आणि आतल्या तेलनलिका बघाव्या लागतात. विलोची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. शिवाय बऱ्याच जातींना पानं फुटण्याआधीच फुलोरा येतो, त्यामुळे एका फेरीत दोन्ही हाती लागत नाहीत. आयसोइटिस ही पाण्याकाठची नेच्यांच्या गोतावळ्यातली वनस्पती तर सूक्ष्मदर्शकाखाली महाबीजाणूंच्या (मोठ्या बीजाणूंच्या) पृष्ठभागावरची नक्षी पाहून ओळखतात.

त्यामुळे हर्बेरियमकडून कधीकधी ‘प्रजातीपर्यंतच सांगता येईल’ असं उत्तर येतं. हे उत्तर चांगलं असतं आणि ते तक्त्यात तसंच लिहावं. जातीचं नाव द्या म्हणून तज्ज्ञाच्या मागे लागणाऱ्या पथकाच्या तक्त्यात नावांचे रकाने भरलेले दिसतात, पण पुढच्या माणसाला त्यातलं पक्कं कोणतं आणि ओढूनताणून बसवलेलं कोणतं, हे कळायला मार्ग राहत नाही.

इथे आणखी एक अडचण आहे. ज्या चौकटीत मोजायचं, तिच्यातलं झाड उपटता येत नाही. उपटलं तर पुढच्या वर्षी दिसणारा बदल आपल्याच हातचा असेल. म्हणून नमुना चौकटीबाहेरून, त्याच अधिवासातून घ्यायचा. पण मग बाहेरचं झाड आतल्या झाडाच्याच जातीचं आहे हा पथकाचा अंदाज असतो, आणि तो लेबलवर लिहिलाच पाहिजे: ‘प्लॉटच्या बाहेरून घेतला, आतल्या झाडांसारखाच, आतली फुललेली नव्हती.’ या एका ओळीमुळे पुढे किती वाद मिटतात, हे तक्ते तपासायला बसलेल्या माणसाला विचारावं.

व्हाउचरकडे वळलं की सगळा भर बदलतो. इथे झाडाइतकंच लेबल मोलाचं असतं. अक्षांश-रेखांश, तारीख, अधिवास, आजूबाजूच्या वनस्पती, झाडाची उंची हे तर हवंच, शिवाय वाळल्यावर नाहीसं होणारं सगळं हवं: फुलाचा रंग, वास, चीक होता की नाही. निरीक्षणातल्या व्हाउचरवर त्याच्या जोडीला प्लॉटचा क्रमांक आणि फेरी येते. आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो संग्राहकाचा क्रमांक. एक संग्राहक आयुष्यभर एकच चढती मालिका चालवतो, आकडा पुन्हा वापरत नाही. तोच क्रमांक तक्त्यातल्या ओळीत लिहिला, की प्रत्यक्ष जागेवरची नोंद आणि कपाटातला कागद एकमेकांना बांधले जातात. क्रमांक नसलेला नमुना कितीही सुंदर दाबलेला असो, निरीक्षणाच्या दृष्टीने तो अनाथच.

हर्बेरियमची एकूण रचनाच नावं बदलतात हे धरून झाली आहे. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी विद्यार्थ्यांना दाबलेल्या झाडांवरून शिकवत असे. त्या काळचे संग्रह जाड वह्यांत बांधलेले असत, आणि वहीत एकदा पान बसलं की ते हलत नसे. अठराव्या शतकात लिनियसने आपले नमुने सुट्या कागदांवर, कपाटात ठेवले, म्हणजे मत बदललं की कागद एका गठ्ठ्यातून काढून दुसऱ्यात घालता यावा. आजही तीच पद्धत आहे. आलेला गठ्ठा आधी कीड मरावी म्हणून उणे २० अंशांखाली काही दिवस गोठवतात, कारण सिगारेट बीटलसारखे किडे घुसले तर कपाटंच्या कपाटं पोखरून टाकतात. मग नमुना साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या आम्लरहित कागदावर चढतो. पुढे कुणा तज्ज्ञाला नाव पटलं नाही, तर तो आपलं नाव, तारीख आणि नवी ओळख लिहिलेली छोटी चिठ्ठी त्याच कागदावर चिकटवतो. आधीची चिठ्ठी कुणी काढत नाही. जुन्या शीटवर अशा तीन-चार चिठ्ठ्या एकाखाली एक दिसतात, आणि मला तरी हर्बेरियममध्ये याहून प्रामाणिक गोष्ट दुसरी दिसत नाही.

चुका हर्बेरियममध्येही भरपूर असतात. २०१५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संशोधकांनी आल्याच्या कुळातल्या अ‍ॅफ्रामोमम या आफ्रिकी प्रजातीचे नमुने तपासले. २०१४ मध्ये त्या प्रजातीचा नव्याने सखोल अभ्यास झाला, त्याआधी किमान ५८ टक्के नमुन्यांवर चुकीचं, कालबाह्य किंवा अर्धवट नाव होतं. एकाच झाडाचे भाग वेगवेगळ्या हर्बेरियमना वाटलेले असतात, त्यांना डुप्लिकेट म्हणतात. डिप्टेरोकार्प, म्हणजे सालवृक्षाच्या कुळात अशा २९ टक्के नमुन्यांना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी नावं मिळालेली आढळली. हे आकडे ऐकून ‘मग हर्बेरियमवर भरवसा कसा ठेवायचा’ असं काही जण म्हणतात. मला त्यातून उलट गोष्ट दिसते. कागद जागेवर होते म्हणून चुका मोजता आल्या आणि दुरुस्तही करता आल्या. व्हाउचर नसलेल्या निरीक्षण-तक्त्यांत चुका कमी असतील असं मानायला काहीच आधार नाही, फक्त त्या सापडणार नाहीत.

आता निरीक्षणाच्या तक्त्यात हे कसं दिसतं ते पाहा. एका प्लॉटमध्ये पहिली काही वर्षं एक गवत नोंदलेलं आहे. मग ते गायब होतं आणि जमिनीवरच्या आच्छादनाच्या त्याच टक्केवारीने दुसरं, त्याच्यासारखंच दिसणारं गवत येतं. ही खरोखर वनस्पतींची अदलाबदल आहे, की त्या वर्षी पथकात नवा माणूस आला? तक्ता कितीही वेळा वाचला तरी उत्तर मिळत नाही. दोन्ही काळांतले दोन कागद शेजारी ठेवले तर ते काही मिनिटांत मिळतं. नुसतं नाव बदललं असेल तर फारसं अडत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५ च्या व्हिएन्ना अधिवेशनानंतर आफ्रिका आणि आशियातल्या बहुतेक अकेशिया आता व्हॅकेलिया आणि सेनेगालिया या प्रजातींत गणल्या जातात. तिथे जुन्या नावासमोर नवं नाव लिहिलं की काम भागतं. अडतं ते एका जातीच्या दोन जाती होतात तेव्हा. जुन्या ओळीतलं झाड दोहोंपैकी कोणतं होतं, हे त्या ओळीला माहीत नसतं.

उत्तर अमेरिकेतल्या फ्रॅगमायटिस ऑस्ट्रॅलिस या बोरूसारख्या उंच गवताचं उदाहरण मला या संदर्भात सगळ्यात बोलकं वाटतं. हे गवत तिथलं मूळचंच, पण विसाव्या शतकात ते दलदली भराभर व्यापू लागलं. स्थानिक गवत अचानक आक्रमक का झालं, हे कोडं होतं. क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल यांनी २००२ मध्ये जुन्या हर्बेरियम नमुन्यांतला डीएनए आजच्या झाडांशी ताडून पाहिला आणि बाहेरून आलेला एक वाण स्थानिक वाणांची जागा घेत असल्याचं दाखवून दिलं. ज्यांनी ज्यांनी आपल्या यादीत ‘फ्रॅगमायटिस ऑस्ट्रॅलिस’ लिहिलं होतं त्यांची ओळख चुकलेली नव्हती, जातीचं नाव बरोबरच होतं. पण नेमका जो बदल टिपायला निरीक्षण असतं तो त्या नावात मावत नव्हता. तो कागदावर चिकटवलेल्या पानांतून निघाला, आणि ती पानं गोळा करणाऱ्यांच्या काळी डीएनए हा शब्दसुद्धा नव्हता.

म्हणून व्हाउचर कशाचे करावेत यावर माझं मत जरा प्रवाहाविरुद्ध आहे. पथकं दुर्मिळ आणि न ओळखू आलेल्या झाडांचे व्हाउचर उत्साहाने करतात. सगळ्यांना ठाऊक असलेल्या, प्रत्येक चौकटीत सापडणाऱ्या झाडाचा मात्र कुणी करत नाही, ‘ते तर माहितीच आहे’ म्हणून. पण एकूण आच्छादनाच्या आकड्यात सर्वात मोठा वाटा त्याच झाडाचा असतो, आणि तिथली चूक साऱ्या निष्कर्षाला वाकवते. पहिल्याच वर्षी प्रत्येक सामान्य जातीचा, शक्य झाल्यास प्रत्येक अधिवासातून, एक तरी व्हाउचर जमा व्हायला हवा. दुर्मिळ झाडांबाबत हात आखडता घेणंच बरं. आसपास वीस झाडं असतील तर एक घ्यावं, असा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळतात. तितकी नसतील तर तपशीलवार फोटो, एखादं पान आणि नेमकं स्थान यांवर भागवावं. फोटो व्हाउचरची जागा सहसा घेत नाही, कारण उद्या जे लक्षण महत्त्वाचं ठरेल ते आज टिपलेलं असेलच असं नाही. संदर्भ-वही हे आणखी तिसरं काम. ती फेरीवर न्यायची, हाताळायची, फाटली तर नवी करायची. तिच्यासाठी डुप्लिकेट वापरावा, हर्बेरियमचा कागद मागू नये.

विद्यापीठाशी करार करताना ही दोन कामं वेगळी लिहावीत, कारण त्यांचा खर्चही वेगळा असतो. ओळखीसाठी तज्ज्ञाचा वेळ लागतो. व्हाउचरसाठी कागद, चिकटवणं, नोंदणी, छायांकन आणि कपाटातली कायमची जागा लागते. एका कामाचे पैसे ठरवून दुसरं फुकट होईल अशी अपेक्षा ठेवली, तर नमुने वर्तमानपत्रातच पडून राहतात. एखाद्या अवघड कुळाचा अभ्यासक दुसऱ्याच संस्थेत असतो. त्याला ओळख पटवण्याच्या बदल्यात डुप्लिकेट भेट देण्याची जुनी रीत आहे, म्हणून मुळातच जादा फांद्या दाबाव्यात.

मालकीही स्पष्ट असावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नियमानुसार उद्यानातून परवान्याने घेतलेला आणि संग्रहात कायम ठेवलेला नमुना विद्यापीठाच्या कपाटात असला तरी सरकारचाच राहतो, त्यावर सेवेचं लेबल लागतं आणि तो तिच्या राष्ट्रीय सूचीत नोंदला जातो. अशी तजवीज कोरडी वाटते, पण विद्यापीठांची हर्बेरियम बंदही होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ड्यूक विद्यापीठाने सुमारे ८ लाख २५ हजार नमुन्यांचं आपलं हर्बेरियम बंद करून संग्रह इतरत्र हलवण्याचा निर्णय जाहीर केला. असं झालं तर उद्यानाचे कागद कुठे जातील, हे करारातच ठरलेलं असलं पाहिजे. आणि ते गेले तरी शोधता यावेत म्हणून तक्त्यात संग्राहक क्रमांकाशेजारी हर्बेरियमचा संकेतही, म्हणजे त्याचं ठरलेलं संक्षिप्त नाव, लिहावा. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन सांभाळत असलेल्या इंडेक्स हर्बेरिओरम या सूचीत जगातल्या सुमारे ३,५०० हर्बेरियमचे असे संकेत आहेत.

शेवटचं कलम बहुतेक करारांत राहून जातं: नव्या चिठ्ठीची खबर उद्यानापर्यंत पोचवणं. वर्षातून एकदा पथकाने आपल्या संग्राहक क्रमांकांची यादी हर्बेरियमला द्यावी आणि कुठल्या कागदावर नवी ओळख आली ते मागवून घ्यावं. ते नाव तक्त्यात वेगळ्या रकान्यात, ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख देऊन भरावं. जागेवर लिहिलेलं मूळ नाव पहिल्या रकान्यात तसंच राहू द्यावं, कारण त्या वर्षीच्या पथकाने काय समजून ती टक्केवारी लिहिली, हे फक्त तिथेच कळतं.