सुगडावरचा पांढरा ठिपका

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभाराच्या मुलीचं लग्न लागल्याची कथा इथे घरोघर ठाऊक आहे. यात्रेतला अक्षता सोहळा त्याच लग्नाचा. याच दिवसांत ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे भरायला सुगडं घरी येतात. त्यातल्या एखाद्याच्या पोटावरून चार-आठ दिवसांनी टिकलीएवढी कपची उडते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. भाजणं कच्चं राहिलं, असा दोष बहुतेक जण देतात. खरं कारण मातीत असतं.

इथली काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेली. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि सुकताना आकसतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच, आणि भांड्याला पडतात त्याही. किती आकसेल हे आधी मोजता येतं. मळलेल्या मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि पट्टी सावलीत पूर्ण सुकवायची. रेघ ९ सेंटिमीटरच्या खाली गेली, तर त्या मातीचं मोठं भांडं धड सुकणार नाही.

म्हणून तिच्यात राख, चाळलेली वाळू आणि लीद घालतात. सुरुवात चार घमेली मातीला एक घमेलं मिसळ अशी करावी आणि पट्टी पुन्हा मोजावी. राख-वाळू आकसत नाही. लिदीतले गवताचे बारीक तंतू ओल्या भिंतीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून जाताना मागे बारीक पोकळ्या सोडतात. वाफ त्यातून सुटते, भेग तिथे येऊन थांबते. माठ गार राहतो तोही अशाच रंध्रांतून झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. मिसळ जास्त झाली, तर मात्र चाकावर काठ ओढताना फाटतो.

सुकवताना घाई नको. इथल्या कोरड्या वाऱ्यात काठ आधी सुकतो, जाड बूड ओलंच राहतं, आणि दोघांच्या ओढाताणीत बूड चिरतं. काठावर ओलसर फडकं ठेवावं. काठ उचलण्याइतका घट्ट झाला की भांडं पालथं घालावं, म्हणजे बुडाला हवा लागते.

आता त्या ठिपक्याकडे. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. मातीच्या वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळलं आणि बुडबुडे आले, की चुनखडी आहे असं समजावं. भट्टीत साधारण ७५० अंश सेल्सिअसच्या पुढे चुनखडीतला कार्बन डायॉक्साइड झपाट्याने निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भांडं भट्टीतून निघतं तेव्हा लालबुंद, खणखणीत असतं. दोष दिसतच नाही. नंतर हवेतला दमटपणा आत शिरतो, चुना विरतो आणि विरताना जवळजवळ दुप्पट जागा मागतो. ती जागा त्याला मिळते कपची उडवूनच.

सगळ्यात भरवशाचा उपाय भट्टीच्या आधीचा, आणि मेहनतीचा. माती दोन-तीन दिवस भिजवून पातळ कालवायची, जड खडे तळाशी बसू द्यायचे आणि वरचा गाळ बारीक चाळणीतून काढायचा. माती कोरडी कुटून मग चाळण्याची चूक करू नये. कुटताना मोठे खडे फुटून बारीक होतात आणि चाळणीतून निसटतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक कण सहसा त्रास देत नाहीत, कारण त्यांचं फुगणं रंध्रांत सामावतं.

दुसरा उपाय आचेचा. ७०० अंशांच्या आसपास थांबलं तर चुनखडी बरीचशी शाबूत राहते. पण उघड्या आव्यात, म्हणजे उघड्यावर रचलेल्या कुंभाराच्या भट्टीत, आच सगळीकडे सारखी नसते. जळणाला चिकटून असलेली भांडी जास्त भाजतात आणि कपच्याही त्यांच्याच उडतात.

तरीही शंका राहिली, तर भांडी हाताला सोसेल इतकी कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावीत. भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना मऊ लोण्यासारखा होऊन शेजारच्या रंध्रांत शिरतो आणि भिंतीवरचा दाब कमी होतो. गरम भांडं मात्र बुडवू नये, ते तडकेल. बाहेर काढल्यावर आठवडाभर सावलीत ठेवावीत. कपची उडायची असली, तर ती बहुधा गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्यात न उडता कुंभाराच्या अंगणातच उडते.