मैदान तिकडे, धडधड इकडे

20 डिसेंबर 2015. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा 2-1 ने पुढे गेला. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, तीन मिनिटं काढायची आणि करंडक उचलायचा, एवढंच बाकी होतं. 90व्या मिनिटाला गोव्याकडूनच स्वयंगोल झाला, 2-2. पाठोपाठ भरपाई वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा गोल मारला आणि सगळं संपलं. हाती आलेला करंडक काही मिनिटांत दुसऱ्याच्या हाती गेला.

स्टँडमधल्या एकाही माणसाने त्या संध्याकाळी चेंडूला पाय लावला नव्हता. तरी घसे बसले, हात-पाय गळाले, कित्येकांचं जेवणावरून मन उडालं असेल. प्रत्येक चाहत्याला घरात कधी ना कधी ऐकावं लागतं, 'ते हरले तर तुला काय त्याचं?' मला हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. गेल्या तीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी त्याचं बरंचसं उत्तर शोधलं आहे, आणि ते चाहत्याच्या लाळेत, नाडीत आणि मेंदूत सापडतं.

सुरुवात लाळेपासून करू. 1994 च्या विश्वचषकाची फायनल, ब्राझील आणि इटली. 120 मिनिटांत एकही गोल नाही, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये रॉबर्टो बॅजिओचा फटका गोलपोस्टवरून आकाशात. अमेरिकेत टीव्हीवर हा सामना बघणाऱ्या दोन्हीकडच्या पुरुष चाहत्यांच्या लाळेचे नमुने संशोधकांनी सामन्याआधी आणि नंतर घेतले होते. ब्राझीलवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, पाव हिश्शाहून थोडं जास्त वाढलं होतं, इटलीवाल्यांचं जवळपास तेवढंच उतरलं होतं. नमुना छोटा होता, पण रोख स्पष्ट होता. खुर्चीत बसलेल्या माणसाचं शरीरही जय-पराजयाची नोंद घेतं.

2010 च्या फायनलला स्पेनच्या चाहत्यांवर असाच अभ्यास झाला. त्यात सामना चालू असताना टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरकं चढली. विजयानंतर मात्र टेस्टोस्टेरॉन आणखी वर गेलं नाही. मला या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. जो जितका कट्टर चाहता, तितकं त्याचं कॉर्टिसॉल जास्त. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. आपली इभ्रत पणाला लागली आहे असं वाटलं की शरीर ते सोडतं. 8 जुलै 2014 ला विश्वचषकात, ब्राझीलमधल्या बेलो होरिझॉन्तेत जर्मनीने पहिल्या अर्ध्या तासातच ब्राझीलवर पाच गोल चढवले, शेवट 7-1 झाला. त्या स्पर्धेत ब्राझीलच्या चाहत्यांची लाळ तपासणाऱ्या संशोधकांनाही हेच दिसलं. ज्यांना संघ आणि आपण एकच वाटतो, त्यांच्यात कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त होतं.

लाळेपर्यंत ठीक आहे. हृदयाची गोष्ट गंभीर आहे.

2006 चा विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक आणि आसपासच्या भागातल्या डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी घेऊन आलेल्या 4,279 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा तक्रारी एरवीच्या 2.66 पट होत्या, पुरुषांमध्ये 3.26 पट, बायकांमध्ये 1.82 पट. सर्वाधिक रुग्ण आले ते सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याच्या दिवशी मोठी उसळी होती, आणि तो सामना जर्मनीने शूटआऊटवर जिंकला होता! म्हणजे शरीराला पराभवाइतकाच टांगणीला लागलेला जीवही महागात पडतो. त्याआधी 1998 मध्ये इंग्लंड अर्जेंटिनाकडून शूटआऊटमध्ये हरलं, तेव्हा त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडच्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 25 टक्के वाढलं होतं.

यामागची यंत्रणा साधी आहे. ताण आला की ॲड्रेनॅलिन सुटतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. निरोगी माणूस हे सहज पचवतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला आहे, त्याचा तो थर अशा वेळी फुटून तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. म्युनिकच्या अभ्यासात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी आलेल्यांत आधीपासून हृदयविकार असलेल्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त होतं. जागरण, सिगारेट, दारू आणि तेलकट खाणं यांची भर वेगळीच. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर मोठ्या सामन्याच्या दिवशी त्यांची गोळी चुकू देऊ नका. छातीत दुखायला लागलं तर 'मॅच संपू दे, मग बघू' हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नका.

आता प्रश्न उरतो तो हिशोबाचा. ससेक्स विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या 32,000 लोकांचा मूड मोबाइलवरून टिपलेल्या सुमारे 30 लाख नोंदी तपासल्या. संघ जिंकल्यावर तासाभरात चाहत्याचा आनंद 100 पैकी सरासरी 3.9 गुणांनी वाढत होता. हरल्यावर तो 7.8 गुणांनी घसरत होता. बरोबर दुप्पट. शिवाय आनंद लवकर ओसरतो, दुःख रेंगाळतं. वर्षभर जमाखर्च मांडला तर निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहतासुद्धा तोट्यातच राहील.

मिळवण्यापेक्षा गमावणं मनाला जास्त बोचतं, हे डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये पैशांच्या बाबतीत मांडलं होतं. फुटबॉलमध्ये त्यात अपेक्षेची भर पडते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन पेशींवर, म्हणजे बक्षिसाची नोंद घेणाऱ्या पेशींवर, प्रयोग केले. फळाचा रस अचानक मिळाला की या पेशी उसळत. रस मिळणार हे आधी कळलं, तर उसळी त्या खुणेवरच येई आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर काहीच होत नसे. खूण दिसूनही रस आला नाही, तर पेशींचं काम नेहमीपेक्षाही मंदावत असे. फातोर्ड्याची शेवटची मिनिटं या प्रयोगाच्या उजेडात बघा. 87व्या मिनिटाला खूण दिसली होती. गोवा सुरुवातीपासून 0-3 ने मागे असता, तर तोच पराभव इतका खोल गेला नसता. ज्या खेळात सामन्याला सरासरी दोन-तीनच गोल होतात, तिथे एक गोल सगळं उलटवू शकतो, म्हणून आशा शेवटच्या शिट्टीपर्यंत मरत नाही. फुटबॉलची नशा आणि फुटबॉलचा मार, दोन्ही याच एका गुणातून येतात असं माझं मत आहे.

हा मार चाहत्यापुरता राहत नाही, हेही लिहायलाच हवं. विश्वचषकाच्या बाद फेरीत देश हरला की दुसऱ्या दिवशी त्या देशाचा शेअर बाजार सरासरी अर्धा टक्का खाली येतो, असं 2007 च्या एका अभ्यासात दिसलं. जिंकल्यावर बाजार वर जात नाही. बाजार सावरतो, घरातलं नुकसान तसं भरून येत नाही. इंग्लंडच्या लँकशायरमधल्या पोलिसांच्या नोंदी सांगतात की 2002, 2006 आणि 2010 च्या विश्वचषकांत इंग्लंडच्या सामन्यांच्या दिवशी कौटुंबिक हिंसाचाराच्या घटना वाढल्या. संघ जिंकला किंवा बरोबरी झाली तर 26 टक्के, हरला तर 38 टक्के. पराभवाचं दुःख खरं असतं, ते बायकोमुलांवर काढण्याची मुभा कुठलंही संप्रेरक देत नाही.

मग एवढं सोसून माणूस टिकतो कशासाठी? कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावावं लागणार नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हे संघ तालमींतून उभे राहिले. संघ निवडावा लागत नाही, ज्या गल्लीत वाढलात ती गल्लीच तो देते. शाहू स्टेडियमवर हरलेल्या संघाचा मुलगा पुढच्या सामन्याला पुन्हा तिथेच बसतो, शेजारी तीच माणसं असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या चाहत्यांवरच्या एका अभ्यासात तर सतत हरणाऱ्या क्लबांचे चाहते यशस्वी क्लबांच्या चाहत्यांपेक्षा एकमेकांशी जास्त घट्ट बांधलेले आढळले. एकत्र सोसलेलं माणसांना जोडतं.

ही जोड किती खोल जाते, हे लँकेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगात दिसतं. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आपल्या क्लबबद्दलच्या प्रेमावर लिहायला सांगितलं आणि मग दुसऱ्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत धावत येणारा एक तरुण घसरून पडला आणि घोटा धरून विव्हळू लागला. तो संशोधकांचाच माणूस होता. अंगात युनायटेडचा शर्ट असला तर 13 पैकी 12 जण मदतीला थांबले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला तर 10 पैकी 3, साधा असला तर 12 पैकी 4. दुसऱ्या खेपेला एवढाच बदल केला की क्लबऐवजी 'फुटबॉलचे चाहते' म्हणून लिहायला सांगितलं. या वेळी लिव्हरपूलच्या शर्टासाठीही 10 पैकी 7 जण थांबले. साध्या शर्टवाल्यासाठी 9 पैकी फक्त 2.

आपलं आणि परकं यांतली रेघ पुसली गेली नव्हती, पण काही ओळी लिहून घेतल्याने ती सरकली होती. दोन तालमींच्या समर्थकांत हुल्लडबाजी होऊन कोल्हापुरात सामने थांबवावे लागले आहेत. आयोजकांनी बंदोबस्त जरूर ठेवावा, पण हा प्रयोगही वाचावा. अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा पेठ मागे पडून कोल्हापूर पुढे आलं होतं. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या खेळाडूंना एकत्र मैदानात बोलवावं, दोन्ही स्टँडमधल्या मुलांसमोर त्यांनी जुन्या सामन्यांबद्दल बोलावं. खर्च काहीच नाही, आणि परिणाम होतो की नाही हे त्याच हंगामात कळेल.